मुंबईचीं घरें आणि खिडकींतलें ऊन

गेल्या श्रावणांत आमच्या परिचयाच्या एका घरीं सत्यनारायणाच्या पूजेस जाण्याचा योग आला. घर गिरगांवांतील एका जुन्या चाळींत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पुढें लांबच लांब सामाईक गॅलरी, आणि त्या दोन खोल्यांत दोघे भाऊ, त्यांच्या वृद्ध मातोश्री, दोघी जावा व तीन मुलें अशीं आठ माणसें. तीर्थप्रसाद झाला, पाहुणे पांगले, आणि थोरल्या भावानें कपाटांतून कागदांचें एक जाडें बाड काढून आमच्यापुढें ठेविलें. चाळ पाडून तिच्या जागीं उंच इमारत बांधण्याचा तो प्रस्ताव होता. भाडेकरूंच्या संमतिपत्रांवर सह्या गोळा होत होत्या. या घराची सही तेवढी राहिली होती.

थोरला भाऊ सहीच्या बाजूचा, धाकटा साशंक. थोरल्या जावेस घरांतल्या घरांत न्हाणीघर व शौचकूप मिळणार याचा आनंद, तर धाकटीस पुढें दरमहा भराव्या लागणाऱ्या देखभालीच्या पैशांची धास्ती. वाद बराच वेळ चालला. मातोश्री, ज्यांस सारी चाळ आजी म्हणते, कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर करून एकच प्रश्न केला, "नव्या घरांत ऊन कुठून येईल रे?"

नकाशा उलटासुलटा करून पाहिला, पण त्या प्रश्नाचें उत्तर कोणासच देतां आलें नाहीं. आम्हांसहि नाहीं. घरीं परततांना तोच प्रश्न मनांत घोळत राहिला. त्याचा माग काढीत गेलों, तों असें दिसून आलें कीं, मुंबईच्या घरांचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं असलेंच एखादें बाड आज कपाटांत पडलें असेल. निदान आप्तेष्टांपैकीं कोणाच्या तरी घरीं खचित असेल. म्हणून ही हकीकत थोडी विस्तारानें सांगत आहों.

प्लेगानें शिकविलेला धडा

१८९६ सालीं मांडवीच्या बाजूस प्लेगची सांथ सुरू झाली आणि पाहतां पाहतां तिनें सारें शहर ग्रासलें. त्या वेळच्या दाट वस्तींतील चाळींचें वर्णन वाचलें म्हणजे आजहि जीव गुदमरतो. खोल्यांना पाठ लावून खोल्या, दोन इमारतींमध्यें मैला वाहून नेण्यापुरता अरुंद बोळ, आणि कित्येक खोल्यांस खिडकीच नाहीं. भर दुपारीं दिवा लावल्यावांचून चूल दिसूं नये, अशा त्या कोठड्यांत रोग घर करून बसला. त्यावर उपाय म्हणून १८९८ सालीं सरकारनें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढणें, रोगट घरें पाडणें आणि शहराच्या उत्तरेस नवी वस्ती वसविणें हें त्याचें काम. आरंभीं त्यानें पाडलें पुष्कळ आणि बांधलें त्या मानानें थोडें. ज्यांचीं बिऱ्हाडें उठलीं त्यांतील कित्येक शेजारच्याच गल्ल्यांत अधिक दाटीनें राहूं लागले. घाईच्या उपायानें रोग बरा होत नाहीं, तो फक्त शेजारीं राहावयास जातो, हा धडा त्या वेळींच मिळाला होता.

परंतु याच ट्रस्टच्या कारकीर्दींत एक फार शहाणपणाचा विचार पुढें आला. ट्रस्टचे एक अध्यक्ष ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरिला. नियमाचें नांव अवघड असलें तरी आशय सोपा आहे. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी नसावी. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्म्याइतकें मोकळें अंतर मध्यें असलें पाहिजे. समोर चाळीस फुटांची भिंत असेल तर मध्यें वीस फूट आकाश हवें. आजींच्या प्रश्नाचें उत्तर देणारी ही फूटपट्टी शंभर वर्षांपूर्वीं मुंबईंतच तयार झाली होती!

दादर-माटुंग्याच्या योजनेंत या विचाराचें फळ दृष्टीस पडतें. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स या भागांतून सकाळच्या वेळीं फेरफटका मारावा. रुंद रस्ते, दुतर्फा झाडें, बेताच्या उंचीच्या इमारती आणि दोन इमारतींमधून दिसणारा आकाशाचा तुकडा. डॉक्टर आंबेडकर १९१२ पासून सुमारें बावीस वर्षें परळच्या ट्रस्टच्या चाळींत राहिले आणि पुढें याच हिंदु कॉलनींत त्यांनीं ग्रंथसंग्रहास पुरेल असें 'राजगृह' बांधलें. चाळ आणि कॉलनी दोन्ही एकाच ट्रस्टच्या. पण दोहोंमधील अंतर कोसांत मोजण्याजोगें नव्हतें, तें खोल्यांत आणि उजेडांत मोजावें लागतें.

१९२० सालीं सरकारनें बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलें. त्याच्या आद्याक्षरांवरून बी. डी. डी. हें नांव चाळींस कायमचें चिकटलें. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी त्यानें बांधिल्या. एकेका बिऱ्हाडास खोली १६० चौरस फुटांची. तींत पांच माणसें राहूं लागलीं म्हणजे माणशीं बत्तीस चौरस फूट जागा झाली; अंथरूण घालून एका माणसास निजावयास लागते त्याच्या दुपटीहूनहि ती कमी. शंभर वर्षें या खोल्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळिल्या. आतां त्यांच्या जागीं मनोरे उठत असून २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळीस पहिल्या ५५६ बिऱ्हाडांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या आनंदास नांवें ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

गोठलेलें भाडें

मग जुन्या चाळी इतक्या जीर्ण कां झाल्या? दुसरें महायुद्ध, त्यापाठोपाठ फाळणी, आणि शहरांत लोटलेली माणसांची लाट यांमुळें भाडीं भडकूं लागलीं. सामान्य माणसास आधार म्हणून १९४७ च्या कायद्यानें तीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकिलीं. हेतु सर्वथा चांगला होता. आपल्यांपैकीं पुष्कळांचे आजोबा केवळ या कायद्याच्या बळावर मुंबईंत टिकले आणि मुलांस शिकवूं शकले. परंतु तात्पुरता म्हणून केलेला बंदोबस्त दशकानुदशकें तसाच राहिला. सिमेंट, लोखंड, मजुरी सारें वाढलें. भाडें तेवढें जागचें हाललें नाहीं. भाड्यांतून घरपट्टीहि सुटेना, तेव्हां मालकानें दुरुस्ती सोडली. भाडेकरू म्हणे, घर माझें नव्हे. मालक म्हणे, घर माझ्या उपयोगाचें नव्हे. या दोन 'नव्हे' च्या मध्यें तुळया कुजत राहिल्या. १९९९ सालीं नवा कायदा झाला आणि वर्षास शेंकडा चार वाढीची सोय झाली. पण तोंवर बाराच्या भावानें गेलेलें काय परत येणार?

१९६९ सालीं दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा होऊन १९७१ पासून अशा इमारतींवर उपकर बसला व त्यांच्या डागडुजीसाठीं मंडळ नेमण्यांत आलें. त्या वेळीं उपकराखालीं आलेल्या इमारती एकोणीस हजारांच्या वर होत्या. टेकू लागले, पत्रे बसले, कित्येक घरें त्यामुळें उभीं राहिलीं हेंहि खरें. तथापि टेकूस मर्यादा असते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडी बाजारांतील शंभर वर्षांहून जुनी एक इमारत सकाळच्या प्रहरीं कोसळून ३३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. आमच्या स्नेह्याच्या चाळींत पावसाच्या पहिल्या सरीबरोबर थोरला भाऊ रात्रीं उठून छताकडे बॅटरी मारून पाहतो, तें याचसाठीं. जुनी चाळ सोडूं नका असा उपदेश करणारानें अशी एक तरी रात्र तेथें काढावी.

चटईक्षेत्राचें गणित

आतां प्रस्तावांतील कागदांकडे वळूं. त्यांत 'चटईक्षेत्र निर्देशांक' हा शब्द पानोपानीं येतो. त्याचा अर्थ इतकाच कीं, भूखंडाच्या किती पट बांधकाम सर्व मजले मिळून करतां येईल. हजार चौरस फुटांचा भूखंड आणि निर्देशांक १.३३, म्हणजे सर्व मजले मिळून १,३३० चौरस फूट. १९६४ च्या विकास आराखड्यानें हें माप मुंबईंत आणिलें. १९९१ च्या नियमांत जुन्या शहरासाठीं १.३३ व उपनगरांसाठीं १ असे आंकडे ठरले. २०१८ सालीं लागू झालेल्या आराखड्यांतहि मूळ आंकडे तेच असून त्यांवर पैसे भरून किंवा हक्क विकत घेऊन जादा बांधकाम करतां येतें.

माप कमी ठेविलें म्हणजे माणसें कमी येतील, अशी नियम करणारांची समजूत होती. माणसें तर आलींच. १९०१ सालीं पावणेआठ लाखांचें हें शहर, उपनगरें त्यांत मिळून, २०११ सालीं १,२४,४२,३७३ वस्तीचें झालें. घरांची चटई मात्र त्या मानानें पसरली नाहीं. ज्यांस कायदेशीर चटईवर जागा मिळाली नाहीं, ते झोपडपट्टींत गेले. २०११ च्या गणनेंत मुंबईंतील दर दहा कुटुंबांपैकीं चारांहून अधिक कुटुंबें तेथें आढळलीं.

पुढें जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठीं नियमांत एक वेगळी वाट काढण्यांत आली. भाडेकरूंस नव्या इमारतींत विनामूल्य घर द्यावयाचें, आणि तो खर्च भरून निघावा म्हणून विकासकास जादा बांधकाम करून बाजारांत विकूं द्यावयाचें. सांप्रत भाडेकरूस कमींत कमी ३०० चौरस फुटांचें घर द्यावें लागतें. विकासकास भूखंडाच्या तिप्पट बांधकाम मिळतें. अथवा पुनर्वसनास लागेल तितकें आणि त्यावर त्याच्या निम्मे किंवा अधिक, यांपैकीं जें जास्त असेल तें. येथेंच सारी मेख आहे. भूखंड लहान, बिऱ्हाडें पुष्कळ, म्हणून पुनर्वसनाचें बांधकाम मोठें. तें मोठें म्हणून विकासकाचा वाटा मोठा. आणि दोन्ही मिळून इमारत उंच. जितकी दाटी आज, तितकी उंची उद्यां! पण भूखंड कांहीं रुंद होत नाहीं. म्हणून भोंवतालच्या मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत द्यावी लागते. ऑरसाहेबांची रेघ साडेत्रेसष्ट अंशांवरून जवळ जवळ सरळ उभी होते, ती अशी.

याचा परिणाम काय होतो, तें गोवंडी-मानखुर्दच्या बाजूस पाहावयास मिळतें. तेथें झोपडीवासीयांस व प्रकल्पांत घरें गेलेल्यांस दिलेल्या वसाहतींत इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरांवर उभ्या आहेत. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनें केलेली एक पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. ऊन-वारा न पोंचणाऱ्या खालच्या मजल्यांवरील घरांत क्षयरोगाचें प्रमाण अधिक असल्याचें तींत दिसून आलें. म्हणजे प्लेगानें जो धडा शिकविला, तो आपण विसरलों आणि क्षयानें तो पुन्हा गिरवून घेतला. घर पक्कें असून भागत नाहीं. तें उजेडाचें असावें लागतें.

नवी मुंबईची कल्पना ज्या तिघांनीं १९६५ सालीं मांडिली त्यांपैकीं एक, अभियंते शिरीष पटेल, यांनीं एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला आहे. गर्दी दोन प्रकारची. एक घरांतली, जी माणशीं चटईवरून मोजावी. दुसरी रस्त्यांतली, जी माणशीं रस्त्याच्या जागेवरून मोजावी. उंच इमारतीनें पहिली गर्दी कमी होऊं शकते. परंतु रस्ता, शाळा, मैदान, गटार हीं तेवढींच राहिलीं तर दुसरी वाढते. घरांत हात पसरतां येतात आणि दारांत पाय ठेवतां येत नाहीं, अशी गत होते. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराची वस्ती २००१ सालीं ३३,३८,०३१ होती. ती २०११ सालीं ३०,८५,४११ वर आली. याच दहा वर्षांत तेथें मनोऱ्यांचें पीक आलें! इमारती वाढल्या आणि माणसें घटलीं. नवी चटई पुष्कळशी ज्यांस ती आधींच पुष्कळ आहे त्यांच्याकडे गेली, आणि आपलीं बिऱ्हाडें ठाणें, डोंबिवली, विरार येथें.

नकाशावरचे रंग

आराखड्याच्या नकाशावर वस्तीस एक रंग, व्यापारास दुसरा, कारखान्यांस तिसरा. कागदावर हें फार नीटनेटकें दिसतें. गिरगांवानें मात्र हे रंग कधींच मानले नाहींत. खालीं छापखाना, किराण्याचें दुकान नि खानावळ, वर बिऱ्हाडें, मागें देऊळ, कोपऱ्यावर शाळा, आणि केळेवाडींत साहित्य संघाचें नाट्यगृह. गृहिणीस डाळ, डॉक्टर आणि नाटक हीं तिन्ही पायीं दहा मिनिटांत मिळत. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकास आणि घरें उत्तरेस असा रंग भरला, त्याची किंमत लोकलच्या डब्यांत उभें राहून लक्षावधि माणसें रोज भरीत आहेत.

रंग बदलल्यानें काय होतें तें गिरणगांवानें पाहिलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली. १९९१ च्या नियमांनीं त्या जमिनींचे तीन वाटे ठरविले: एक मोकळ्या मैदानांसाठीं, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, एक मालकासाठीं. २००१ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन ही वांटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जागेपुरती उरली आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती कायम केली. मैदानाचा वाटा त्यामुळें अगदींच आक्रसला. मुंबईच्या मध्यभागीं इतकी जमीन पुन्हां मोकळी होणें नाहीं.

गॅलरीचें कौतुक आणि गॅलरीचे कांटे

आमचें स्वतःचें बालपण अशाच एका चाळींत गेलें. आई आजारी पडली तेव्हां आमच्या ताटांत तीन घरचा स्वयंपाक येत असे. परीक्षेच्या दिवसांत गॅलरींतल्या दिव्याखालीं पांच घरचीं मुलें एका सतरंजीवर बसून अभ्यास करीत. १८९३ सालीं मुंबईंत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो केशवजी नाईकांच्या चाळींत. बंगल्यांच्या वस्तींत नव्हे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्यांचीं दारें एकमेकांसमोर उघडीं असतात, त्यांनाच उत्सव एकत्र करावासा वाटतो.

तथापि गॅलरीचें कौतुक करणारे बहुधा गॅलरी सोडून गेलेले असतात. पहाटे चारला नळाशीं घागर घेऊन कोण उभें राही? घरांतील सून. सामाईक शौचकूपापुढें रांगेंत संकोचून कोण थांबे? तीच. नवदांपत्यास एकांत नाहीं, आजाऱ्यास शांतता नाहीं, आणि कोणाच्या घरीं काय शिजलें तें साऱ्या मजल्यास ठाऊक. शेजारधर्मासहि जातीची मर्यादा होती. पुष्कळ चाळींत खोली भाड्यानें देतांना पहिला प्रश्न आडनांवाचा असे. हें सांगितल्यावांचून जुन्या दिवसांचें चित्र खरें होणार नाहीं. म्हणून आमचें म्हणणें चाळ टिकवा असें नाहीं. चाळींत जें चांगलें होतें, म्हणजे मोकळा वारा, नजरेच्या टप्प्यांतलीं मुलें, म्हाताऱ्यांस दारांतच मिळणारी सोबत, तें नव्या इमारतींत कोठें ठेविलें आहे, हें विचारा, एवढेंच म्हणणें आहे.

सहीपूर्वीं विचारावयाचे प्रश्न

कागदावर सही करण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं, विशेषतः ज्या दिवसभर घरांत असतात त्यांनीं, एकत्र बसून हे प्रश्न लिहून काढावे. आपल्या खिडकीपासून समोरची भिंत किती फुटांवर आणि ती किती उंच? स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या खिडक्या बाहेर उघडतात कीं बंदिस्त कूपांत? भाडेकरूंची इमारत विक्रीच्या मनोऱ्याच्या सावलींत तर नाहीं? उद्वाहन, पंप, रखवालदार यांचा दरमहा खर्च किती, आणि त्यासाठीं विकासक ठेव म्हणून किती रक्कम देणार? मधल्या काळाचें भाडें किती वर्षांचें आगाऊ मिळणार? मुलांस खेळावयास आणि वृद्धांस बसावयास जागा नकाशावर कोठें दाखविली आहे? या साऱ्याचा नोंदणीकृत करारनामा होणार कीं नुसतें तोंडी आश्वासन? निम्म्याहून अधिक भाडेकरूंच्या लेखी संमतीवांचून असें काम सुरू होत नाहीं. तेव्हां सहीस किंमत आहे ती सही करीपर्यंतच. एकट्यानें विचारलेला प्रश्न विसरला जातो, साऱ्या मजल्यानें विचारलेला विसरतां येत नाहीं.

कार्तिकांत आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों. धाकट्या भावाच्या मुलीनें भूमितीच्या वहींत चाळीचा नकाशा काढून कोनमापकानें समोरच्या मनोऱ्याची रेघ आंखली होती. ती ऐंशी अंशांच्या घरांत गेली. तो कागद हातीं घेऊन दोघे भाऊ दारोदार फिरले आणि गॅलरींत सभा भरली. इमारतींतील अंतर वाढवावें, निदान पुनर्वसनाच्या घरांची बाजू पालटून पूर्वेस करावी, अशी मागणी बहुतेक बिऱ्हाडांच्या सह्यांनिशीं विकासकाकडे गेली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं, आणि छताकडे बॅटरी मारून पाहणेंहि थांबलेलें नाहीं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "न्हाणीघर हवंच आहे हो, पण सासूबाईंचं ऊन विकून नको."

आजी तेव्हां गॅलरींत होत्या. सकाळचें ऊन कठड्यावरून उतरून त्यांच्या पायांपर्यंत आलें होतें, आणि त्या त्यांत सांडग्यांचें ताट सरकवीत होत्या.